टांझानियातील खेड्यात शिकवायला जाण्यापूर्वीची तयारी

टांझानियाच्या दक्षिणेला, मोझांबिकच्या सीमेलगतच्या म्त्वारा प्रांतात एखाद्या खेड्यातील माध्यमिक शाळेवर स्वयंसेवक शिक्षक म्हणून जायचे ठरले असेल, तर तयारीची सुरुवात बॅगेपासून करू नये. बादली, मच्छरदाणी, विजेरी, चपला हे सारे मसासी किंवा नेवाला अशा जवळच्या बाजारगावी मिळते. जे तिथे पोहोचल्यावर जमणार नाही, ते आधी हाती घ्यावे, आणि त्यात कागदपत्रे पहिली. मानधन घेणार नसलो तरी पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही. स्वयंसेवकांना ‘सी’ वर्गाचा निवास परवाना लागतो. यजमान संस्थेचे पत्र, पदवीच्या साक्षांकित प्रती आणि पुरेशी मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट यांची जुळवाजुळव म्हणूनच तिकीट काढण्याआधी पूर्ण व्हायला हवी.

पीतज्वराच्या लशीचा प्रश्न विमानाच्या मार्गावर ठरतो. भारतातून थेट जाणाऱ्याला टांझानिया लस घेतल्याचा दाखला मागत नाही, पण वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबा येथे बारा तासांहून अधिक थांबावे लागले तर मागतो. आणि परतताना केनिया किंवा इथिओपियात मुक्काम झाला असेल, तर भारतात उतरल्यावर दाखल्याअभावी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तिचा दाखला दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो, त्यामुळे ती शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या हे डॉक्टरांनी ठरवावे. तिकडचा हिवताप प्रामुख्याने फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा असतो. दाढ दुखत असेल तर तिचाही निकाल इथेच लावून जावे.

सर्वांत जास्त वेळ मात्र स्वाहिलीला, म्हणजे तिथल्या राष्ट्रभाषेला, द्यावा. माध्यमिक शाळेत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे, एवढ्यावर विसंबून अनेक जण ही तयारी टाळतात, आणि माझ्या मते तिथेच सगळे फसते. सरकारी प्राथमिक शाळेत सात वर्षे सर्व विषय स्वाहिलीतून शिकलेले मूल फॉर्म वनमध्ये, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षात, येते आणि भौतिकशास्त्रापासून इतिहासापर्यंत सारे एकाएकी इंग्रजीतून ऐकू लागते. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी विज्ञानाला गेलेल्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको. असे मूल प्रश्न विचारत नाही, फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवून घेते, आणि ‘समजले का?’ या प्रश्नाला सगळा वर्ग एका सुरात होकार देतो. यासाठी आपल्या विषयातील निदान शंभरेक संज्ञा स्वाहिलीत लिहून पाठ कराव्यात: विजेला ‘उमेमे’, उष्णतेला ‘जोतो’, प्रकाशसंश्लेषणाला ‘उसानिसिनुरू’. इंग्रजी संज्ञा फळ्याच्या मधोमध आणि स्वाहिली संज्ञा कोपऱ्यात लिहिली, तरी मागच्या बाकांवर हालचाल दिसते.

रोजच्या व्यवहारापुरती आणखी दोन गोष्टी घोटून ठेवाव्यात. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणून अभिवादन करायचे असते आणि लहानांकडून ते आले की उत्तर ‘मराहाबा’ असे द्यायचे असते. हे न करता थेट कामाचे बोलणे उद्धटपणाचे ठरते. दुसरे म्हणजे घड्याळ. स्वाहिली वेळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे ‘सा म्बिली’, म्हणजे दोन वाजता, बैठक आहे असे सांगितले गेले तर ती सकाळी आठला असते. दुपारी दोनला पोहोचणाऱ्या पाहुण्याची गोष्ट शिक्षकांच्या खोलीत बरेच दिवस पुरते.

अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या, म्हणजे ‘नेक्टा’च्या, जुन्या प्रश्नपत्रिका आधीच मिळवून छापील स्वरूपात न्याव्यात. फॉर्म टू आणि फॉर्म फोरच्या मुलांचे पुढचे शिक्षण याच परीक्षांवर अवलंबून असते, तेव्हा आपल्या कल्पक उपक्रमांची जागा त्यानंतरची. शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते. तीन महिन्यांहून कमी वेळ असेल तर स्वतंत्र वर्ग मागू नये, तिथल्या शिक्षकाच्या जोडीने शिकवावे. छडीबद्दलही आधीच ठरवून जावे. टांझानियाच्या शाळांत शारीरिक शिक्षेला नियमांनी मुभा आहे आणि ‘फिम्बो’ शिक्षकांच्या हातात दिसेल. आपण ती उचलणार नाही, हे मुख्याध्यापकांना पहिल्याच आठवड्यात एकांतात सांगावे. इतर शिक्षकांना मुलांसमोर उपदेश करू नये.

बॅगेचे थोडक्यात. स्त्रियांनी गुडघ्याखालपर्यंतचे आणि पुरुषांनी पूर्ण लांबीचे, धुवायला सोपे कपडे घ्यावेत. डिसेंबर ते एप्रिल या पावसाळ्यात जाणार असल्यास चिखलात टिकणारे बूट घ्यावेत. ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी पिनेचा अडॅप्टर आणि सौर दिवा जवळ असावा. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर 1 जून 2019 पासून बंदी असून ती प्रवाशांनाही लागू आहे, तेव्हा विमानतळावरची पिशवीसुद्धा नको. तूरडाळीचे ओझे नेऊ नये. तूर त्याच भागात पिकते आणि तिथून भारतात येते. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, घेवडा आणि माठासारखी ‘म्चिचा’ची भाजी यांवर शाकाहारी माणसाचे भागते, फक्त भाजीत सुकी मासळी आहे का, हे विचारावे लागते. नेवाला ज्यावर वसले आहे त्या माकोंडे पठारावर पाण्याची टंचाई जुनी आहे, म्हणून बादलीभर पाण्यात अंघोळ आणि कपडे दोन्ही उरकण्याची सवय घरीच लावून घ्यावी.

पोहोचल्यावर वर्गात जाण्याआधी गावाच्या अध्यक्षांची भेट घ्यावी. ही ओळख मुख्याध्यापकांनी करून देणे रीतीला धरून असते. परतल्यावर प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात आणि पुढच्या काही महिन्यांत केव्हाही ताप आला, तर टांझानियाहून आल्याचे डॉक्टरांना आधी सांगून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.