रेंजफाइंडरची जुनी लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर बसवताना

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (ज्यात लेन्समधून नव्हे, तर वेगळ्या खिडकीतून पाहून फोकस करतात) आरसा नसल्यामुळे त्याची लेन्स फिल्मच्या बरीच जवळ बसते. लायकाच्या १९५४ सालच्या एम माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स बसवण्याची कॅमेऱ्यावरील कडी) माउंट आणि फिल्म यांमधील अंतर २७.८ मिलिमीटर आहे, तर त्याआधीच्या ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या माउंटमध्ये ते २८.८ मिलिमीटर होते. आरसा असलेल्या बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांत हेच अंतर चाळीस मिलिमीटरपेक्षा जास्त असल्याने तेथे या लेन्सवर दूरचे दृश्य फोकस होऊच शकत नाही. त्यासाठी मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला डिजिटल कॅमेराच हवा. सोनीच्या ई माउंटचे अंतर १८ मिलिमीटर आहे, म्हणजे एम लेन्ससाठी उरलेले ९.८ मिलिमीटर अचूक भरून काढणे एवढेच अडॅप्टरचे, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या कडीचे काम असते. आट्यांच्या लेन्सवर आधी एक मिलिमीटर जाडीची कडी चढवली की ती एम लेन्ससारखीच वापरता येते. मात्र सुरुवातीच्या झेनिट या आरसा असलेल्या (एसएलआर) फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सनाही ३९ मिलिमीटरचेच आटे असतात. त्या या अडॅप्टरवर बसतात, पण त्या आरशासाठी जास्त अंतर धरून बनवलेल्या असल्याने चित्र स्पष्ट येत नाही.

लेन्स लावण्यापूर्वी तिची मागची बाजू नीट पाहावी, कारण कॅमेऱ्याचे खरे नुकसान येथेच होऊ शकते. ज्युपिटर-१२ या ३५ मिलिमीटर लेन्सची मागची काच खूप आत शिरते, त्यामुळे ती काही कॅमेऱ्यांत आतल्या भागाला टेकते. आत सरकणारी लेन्स असल्यास नळी पूर्ण बाहेर ओढून फिरवून पक्की करावी आणि लेन्स कॅमेऱ्यावर असेपर्यंत ती आत ढकलू नये. काचेमागून टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकल्यास बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुरकट थर लगेच दिसतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय सुरू करावा आणि बॉडीत हाताची थरथर सावरणारे स्थिरीकरण असल्यास लेन्सची फोकल लेंग्थ हाताने भरावी. फोकस पीकिंगवर (स्पष्ट कडा पडद्यावर रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) विसंबण्यापेक्षा चित्र मोठे करून फोकस करणे मला कितीतरी अधिक भरवशाचे वाटते. सोनार या जुन्या काचरचनेच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) बदलले की फोकस सरकतो. म्हणून ज्या अ‍ॅपर्चरवर छायाचित्र घ्यायचे, त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस करावा.

सुरुवात ५० मिलिमीटरच्या लेन्सने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. वाइड लेन्समधून कोपऱ्यांकडे जाणारे किरण सेन्सरवर फार तिरपे पडतात आणि सेन्सरवरील जाड काचेतून जाताना विस्कटतात, त्यामुळे कोपरे पुसट होतात आणि कधी जांभळट झाक येते. अ‍ॅपर्चर लहान केल्यास पुसटपणा कमी होतो, पण झाक राहते.

शेवटी दूरचा एखादा मनोरा मोठा करून पाहावा. अनंताच्या खुणेपर्यंत कडी फिरवूनही तो स्पष्ट होत नसेल आणि किंचित जवळच्या वस्तू मात्र स्पष्ट दिसत असतील, तर अडॅप्टर जाड आहे. तो बदलून घ्यावा. खुणेच्या थोडे अलीकडेच मनोरा स्पष्ट झाला, तर अडॅप्टर किंचित पातळ आहे, आणि अंतराच्या आकड्यांकडे न पाहता पडद्यावर फोकस केल्यास तो खुशाल वापरता येतो.