रस्त्यावरची झाडं जगवायला माणसं कशी तयार करायची

जुलैमध्ये झाडं लावायला शंभर माणसं येतात, मार्चमध्ये पाणी घालायला चार. ट्रेनिंग त्या चौघांसाठी असतं, त्यामुळे माझी बॅच मी पावसाळ्यात नाही, फेब्रुवारीत घेतो. पुण्यात तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं आणि उत्साही मंडळी आपोआप गळतात.

हॉल, प्रोजेक्टर काही नको. सकाळी सात वाजता थेट रस्त्यावर. एका बॅचला सहा-सात जण, प्रत्येकाला एक खुरपं. कुदळ पहिल्या दिवशी कुणाच्याच हातात देऊ नका, नवा माणूस जोरात घाव घालतो आणि वरवरची बारीक मुळं तोडून टाकतो, झाड पाणी पितं ते त्यांच्यातूनच.

आता आळं. इथेच सगळे चुकतात, मीही चुकलो. माझ्या पहिल्या बॅचला मी नुसतं "माती ओढून घ्या" म्हणालो आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर कांचन झाडाच्या अकरा रोपांभोवती वारुळासारखे सुबक ढीग, मी कौतुकही केलं! पावसाळ्यात ती माती ओली राहून बुंध्याची साल कुजली, नखाने ओढली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. अकरापैकी चार गेली. चूक पोरांची नव्हती.

तेव्हापासून मी आधी हाताने माती उकरायला लावतो. खोड खाली जिथे पसरट होऊन मुळांत उतरतं तो भाग बोटांना लागला पाहिजे. खोड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसलं की समजा गळ्यापर्यंत गाडलंय. खोडापासून वीतभर जागा मोकळी, त्यापुढे उथळ खोलगट भाग आणि मातीचा बांध एकदम बाहेरच्या कडेला. पाणी खोडावर ओतायचं नाही, आळ्यात सावकाश सोडायचं. वर पाचोळा तीन-चार इंच, पण तोही खोडाला चिकटवून नाही. हे प्रत्येकाने स्वतः निदान तीन झाडांना करायचं, तुम्ही करून दाखवलं की लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा ढीगच करतात.

पाणी: लहान झाडाला आठवड्यातून दोनदा, वीस लिटरचा एक कॅन. बोट खुपसून ओल लागली तर घालू नका.

ट्री गार्डची तार किंवा सुतळी खोडात रुतत असेल तर लगेच कापा, पानात बनलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं, तार तोच रस्ता आवळते. जाहिरातींचे खिळे पक्कडीने सरळ ओढायचे, हलवून हलवून नाही, आणि झाडाच्या सालीत पूर्ण बुडालेला खिळा राहू द्या, कोरून काढायला गेलात तर जखम मोठी होते.

फांदी छाटायची नाही, कितीही आडवी येवो. 1975 च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याचा मामला आहे, परवानगी महापालिकेकडून काढायची. मोठ्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक असतील तर फोटो काढून तक्रार करा, स्वतः पहार घेऊन उभे राहू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक नियम कडक ठेवा. फोटो टाकायचा तो बुंध्याचा, सेल्फी टाकली की मी त्या माणसाला पुन्हा खुरपं घेऊन बोलावतो.