वेड्यावाकड्या तुकड्याची घनता कशी काढायची

धातूचा वेडावाकडा तुकडा कशाचा आहे ते ओळखायचं असेल तर त्याची घनता, म्हणजे एक घनसेंमी जागेत किती ग्रॅम वजन आहे ते काढा, नुसत्या रंगावर जाऊ नका. आधी तुकडा कोरडा असतानाच वजन करून घ्या, ओला झाल्यावर केलं की पाण्याचं वजनही त्यात येतं. मग मोजपात्रात 50 मिली पाणी घ्या आणि तुकडा दोऱ्याला बांधून हळूच सोडा, धपकन टाकला तर पाणी उडतं आणि सगळं रीडिंग गेलं. पाण्याची कड काचेला चिकटून वर चढलेली दिसते, ती वाचायची नाही, डोळे पाण्याच्या लेव्हलला आणून मधला खोलगट भाग वाचा, आणि तुकड्याला बुडबुडे चिकटलेत का तेही बघा, दोरा जरा हलवला की सुटतात. समजा वजन 54 ग्रॅम आलं आणि पाणी 50 वरून 70 मिलीवर गेलं, तर तुकड्याने 20 मिली, म्हणजे 20 घनसेंमी जागा घेतली, मग 54 भागिले 20, म्हणजे 2.7 ग्रॅम प्रति घनसेंमी, बहुतेक ॲल्युमिनियमच. लोखंड असतं तर 7.9 च्या आसपास आलं असतं.

घनता हा भौतिक गुणधर्म, मोजताना पदार्थ बदलत नाही. लोखंड गंजतं तेव्हा मात्र नवीन पदार्थ तयार होतो, तो रासायनिक बदल, आणि गंज न झाडता खिळा वाळवून तोलला तर ऑक्सिजन धरल्यामुळे त्याचं वजन उलट वाढलेलं असतं, हे खरंच करून बघा.