सहकाऱ्यांच्या बॉक्सिंग लढतीआधी: तयारीची यादी

सोलर पॅनल बसवणारे, ई-कचरा सुटा करणारे, कंपोस्टचे ढीग उलटवणारे किंवा झाडं छाटणारे सहकारी आपसात हौशी बॉक्सिंग खेळणार असतील, तर आधी कामाचं वेळापत्रक काढा, ग्लोव्हज नंतर. लढतीनंतर लगेच छपरावर, टॉवरवर किंवा झाडावर चढायचं असेल त्याची लढत पुढे ढकला. डोक्याला फटका बसल्यावर चक्कर, मळमळ कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. त्यामुळे लढणाऱ्याला किमान ४८ तास जमिनीवरचंच काम द्या. लक्षणं दिसलीच तर डॉक्टर सांगतील तोवर उंचीवरचं कामही नाही आणि रिंगही नाही.

जोड्या लावताना वजनातला फरक ५ किलोच्या आत ठेवा आणि अनुभवही सारखा बघा. साहेब आणि त्याच्या हाताखालचा माणूस समोरासमोर नकोत. एकतर कुणीतरी हात राखून खेळतो, नाहीतर ऑफिसातले हिशेब तिथे चुकते होतात. वजन उतरवायला घाम गाळणं, पाणी तोडणं सरळ बंद. दिवसभर उन्हात राबलेलं शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं.

हातांची तपासणी आदल्या दिवशी करा. कंपोस्टवर काम करणाऱ्याच्या बोटांवर उघडी जखम असेल तर तो खेळणार नाही, आणि धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षं उलटली नाहीत ना, तेही विचारा. ई-कचऱ्यातल्या सोल्डरची शिशाची धूळ हाताला चिकटून राहते आणि त्याच हाताने माऊथगार्ड (दातांवरचं संरक्षक कवच) तोंडात जातो. त्यामुळे आधी साबण-पाण्याने हात, मग चेहरा. सॅनिटायझरने शिसं निघत नाही. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची उष्णतारोधक लोकर) हाताळणाऱ्याने आंघोळ करून कपडे बदलूनच यावं, नाहीतर ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्यांखाली तंतू कातडीत घासले जातात.

पट्ट्या साडेचार मीटरच्या, प्रत्येकाच्या स्वतःच्या. अंगठ्यात फास अडकवा, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या सांध्यांवर तीन, बोटांच्या बेचक्यांतून एकेक, आणि शेवट पुन्हा मनगटावर. गुंडाळताना बोटं फाकलेली हवीत. मूठ वळल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर पट्टी घट्ट झाली. मनगट दुमडलं तर सैल, आणि सैल पट्टीत मनगट मुरगळतं. ग्लोव्हज १६ औंसांचे. माऊथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा, वेळ पाकिटावर असते तीच. हेडगार्डने कातडी फाटणं कमी होतं, मेंदूला बसणारा हादरा थांबत नाही. तो घातला म्हणून जोर वाढवू नये.

तीन फेऱ्या, प्रत्येकी दोन मिनिटं, मध्ये एक मिनिट विश्रांती. नवख्यांना एवढं पुरे. थांबवायचा अधिकार एकट्या पंचाचा. पंच दोघांच्याही टीममधला नको. कोपऱ्यात बर्फ, गॉझ, पेट्रोलियम जेली, पाणी आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकू नका. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा. शुद्ध हरपलेल्याला उचलून बसवू नका, मान स्थिर ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

डोक्याला मार लागलेल्याला एकट्याने गाडी चालवत घरी पाठवू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो.