एआयच्या काळात प्रकल्पाचा विषय कसा द्यावा, अहवाल कसा तपासावा

‘नाशिक जिल्ह्यातील कांदा विपणन : समस्या व उपाय’ असा विषय दिला की चॅटजीपीटी काही मिनिटांत पानंच्या पानं लिहून देतं. मग चोरी पकडत बसण्यापेक्षा विषयच असा द्या, की घराबाहेर पडल्याशिवाय तो लिहिता येऊ नये.

उदाहरणार्थ : लासलगावच्या बाजार समितीत लिलावाचे ६ दिवस निवडा. रोजची आवक आणि किमान, कमाल, सरासरी भाव टिपा. ५ शेतकऱ्यांना वाहतूक, हमाली, तोलाई विचारा आणि क्विंटलमागे हाती काय उरलं ते काढा. नोंदवही हाताने, तारीखवार लिहिलेली हवी. २० पैकी ८ गुण तिलाच ठेवा. पेठ-सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यातल्या मुलाला रोजचं भाडं परवडत नसेल, तर त्याच्या आठवडे बाजारातल्या नागलीचा भाव टिपू द्या. कामाचा कस तोच लागतो.

वाचताना हंगामाकडे लक्ष ठेवा. डिसेंबरच्या नोंदीत उन्हाळ कांद्याची काढणी आली असेल, तर मूल बाजारात गेलेलंच नाही. तेव्हा लाल कांदा येतो. सुट्टीच्या दिवसाचा भाव, किलो-क्विंटलची सरमिसळ, हीही तशीच खूण.

संदर्भयादीतले कोणतेही ५ संदर्भ स्वतः उघडून बघा. लेखाचं पूर्ण शीर्षक गूगल स्कॉलरवर टाका, प्रबंध असेल तर शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) दिला असेल तर तो उघडून नेमका तोच लेख येतो का ते पाहा. फसवणूक बहुधा अशी असते : लेखक खरा, नियतकालिक खरं, पण तो लेख कधी छापलाच गेलेला नाही. कारण चॅटजीपीटीसारखं मॉडेल शब्दामागून संभाव्य शब्द जुळवतं, ग्रंथालयात जाऊन बघून येत नाही.

एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्क्यांवरून मात्र कुणाचेही गुण कापू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांतली १० टक्के साम्याची मर्यादाही इथे कामाची नाही. ती उचललेल्या मजकुरासाठी आहे आणि एआय वाक्यं नव्याने जुळवतं.

खरी परीक्षा तोंडीच. ६० मुलांचे चौघा-चौघांचे १५ गट, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे अडीच तास. दोन प्रात्यक्षिकांच्या वेळेत बसतं. तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारा, ‘हा कुणी सांगितला, कुठे उभे होतात?’ गटातल्या सर्वांत गप्प मुलाला आधी विचारा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने इंग्रजी सुधारायला एआय वापरलं, तर त्याला अडवू नका. त्याचा मूळ मराठी कच्चा मसुदा सोबत जोडायला सांगा, आणि कोणतं साधन वापरलं, काय विचारलं, उत्तरातलं काय ठेवलं हे अर्ध्या पानात सहीसह लिहून घ्या. विषय देता त्याच दिवशी हे सांगा; अहवाल जमा झाल्यावर घातलेली अट मुलांना शिक्षा वाटते.