मे महिन्यात समृद्धीने जाताय? आधी टायरकडे बघा

शाळांना सुट्टी लागली की ठाणे-डोंबिवलीकडची विदर्भातली मंडळी गाडी काढून समृद्धीने गावाकडे निघतात, वाशिम, अमरावती, वर्धा, नागपूर, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून तर ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता सलग मिळतो. रस्ता छानच आहे, वाद नाही. पण तासन् तास १२० चा वेग, विदर्भातलं मे महिन्याचं ऊन, गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, आणि या सगळ्याचा भार चार टायरांवर. आपण एसी बघतो, फास्टॅगचा बॅलन्स बघतो, आणि टायरला निघताना एक लाथ मारून ठीक आहे म्हणतो. तसं नका करू प्लीज.

तयारी आठवडाभर आधी सुरू करा, आदल्या रात्री नाही. कारण टायर बदलायची वेळ आलीच तर साइझ दुकानात नसतो, मागवावा लागतो, शिवाय चाक एकदा काढून बसवलं की ५०-१०० किलोमीटर गावातच चालवून नट परत एकदा टाइट करून घ्यावेत, हे काम हायवेवर होत नाही.

सगळ्यात आधी नक्षी, म्हणजे टायर रस्त्याला टेकतो तिथली खाचाखाचांची रचना. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, ते कुठे आहेत ते टायरच्या कडेवर टीडब्ल्यूआय (TWI) लिहून दाखवलेलं असतं, नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली म्हणजे १.६ मिमी उरली, आणि कायद्याने कारसाठी तीच शेवटची मर्यादा आहे. माझं मत विचाराल तर ३ मिमीच्या खाली गेलेल्या टायरवर समृद्धीला जाऊच नये, वळवाचा एक पाऊस पडला तरी पाणी बाजूला सारायला खाच उरत नाही. बघताना बाहेरची बाजू बघून समाधान मानू नका. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि आतल्या कडेचा फोटो काढा. अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि कोन) बिघडली असेल तर बऱ्याचदा बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतली कड पार गोटा झालेली असते, कधीकधी तर तारा दिसायला लागलेल्या असतात. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल तर गाडी कमी हवेवर चाललीये, मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त होती. हात फिरवून बघा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तरी अलाइनमेंट दाखवा.

मग टायरचं वय. कडेवर डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, १८१९ असेल तर २०१९ सालचा अठरावा आठवडा. गाडी बिल्डिंगखाली उभीच असते, किलोमीटर झाले नाहीत, नक्षी मस्त आहे, म्हणून लोक आठ-आठ वर्षं तेच टायर चालवतात, पण रबर उभ्या उभ्याही कडक होतं आणि कडेला बारीक बारीक तडे जातात. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर असेल तर गावात फिरवणं वेगळं आणि या रस्त्यावर नेणं वेगळं. कडेवर कुठे टेंगूळ आलं असेल तर विषयच संपला, आतले धागे तुटलेत, तो टायर बदलायचाच, पंक्चरवाला काहीही म्हणो. दोनच टायर बदलणार असाल तर नवीन जोडी मागे बसवा, दुकानदार बहुतेक वेळा पुढे टाकतो, पण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सरकलं तर गाडी सावरणं फार अवघड जातं.

आता हवा, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात चुकीचे सल्ले इथेच मिळतात. 'उन्हाळा आहे, लाँगला चाललाय, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर फुटेल' हे तुम्हीही ऐकलं असेल (पॉइंट म्हणजे हवेच्या दाबाचं माप, पीएसआय). उलट आहे हो. १५ इंची चाकाच्या साध्या हॅचबॅकचा १८५/६५ टायर घ्या, त्याचा घेर दोन मीटरच्या आत-बाहेर आहे, म्हणजे १२० च्या वेगाला तो मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला रस्त्याला टेकणारा भाग दबून परत सरळ होतो. हवा कमी असली की हे दबणं वाढतं, कड जास्त वाकते, त्यातून उष्णता तयार होते, ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि आतले थर सुटायला लागतात. टायर फुटतो तो बऱ्याचदा असा. ऊन आणि वेगाने हवा तीन-चार पॉइंट वाढणार हे कंपनीने धरूनच आकडा दिलेला असतो. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, आणि नीट वाचा, बऱ्याचदा दोन ओळी असतात, दोन-तीन माणसांसाठी वेगळी आणि फुल लोडला वेगळी, फुल लोडला खास करून मागच्या चाकांची जास्त. आंब्याच्या पेट्यांसकट निघालाय तर फुल लोडची ओळ तुमची. टायरच्या कडेवर जो मॅक्स आकडा असतो तो भरायचा नसतो, ती टायरची मर्यादा आहे.

हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असेल किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालली असेल तेव्हा. पंपावरचे मीटर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्वतःचा छोटा गेज घ्या, स्वस्तात मिळतो. आणि वाटेत चहाला थांबल्यावर टायर गरम असताना हवा जास्त दिसली म्हणून सोडू नका, थंड झाल्यावर तीच कमी भरणार. नायट्रोजन भरला तर चांगलंच, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे 'नायट्रोजन आहे, बघायची गरज नाही' असं धरून चालू नका. हवा बघून झाली की वॉल्ववर थोडं साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले तर पिन लीक आहे, आणि वॉल्वचं रबर बोटाने जरा वाकवून बघा, बुडाशी चीर दिसली तर बदलून टाका.

पंक्चर काढलेलं असेल तर ते आठवा. स्ट्रिप घुसवून काढलेलं पंक्चर गावात चालतं, लांब आणि वेगात जायचं असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच मारून घ्या. कडेवर पंक्चर असेल तर तो टायर नकोच. अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं फार लिहीत नाही, ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर करून घ्या.

स्टेपनी विसरू नका, तिची हवा वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. ती बारीक साइझची टेम्पररी असेल तर तिच्यावर साधारण ८० चीच मर्यादा लिहिलेली असते, वाचून ठेवा. जॅक, पान्हा जागेवर आहे का, अलॉयला लॉकनट असेल तर त्याची चावी सापडतेय का बघा. आणि घरी एकदा पान्हा लावून नट हलतो का पाहा, कारण दुकानात गनने इतके घट्ट मारतात की बाहेर हाताने सुटत नाहीत. नट आधी चाक जमिनीवर असताना थोडे सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. सध्या नव्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसून पंक्चर दुरुस्तीचं किट असतं, ते असेल तर पंप खरंच चालतोय का घरीच लावून बघा.

गाडीतल्या सगळ्यांना निघायच्या आधी एक सांगून ठेवा. टायर फुटला तर चालवणाऱ्याने ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलायचा आणि गाडी आपोआप मंदावली की डावीकडे घ्यायची. थांबल्यावर सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून बॅरियरच्या पलीकडे जायचं, लहान मुलं आधी. चाक ट्रॅफिकच्या बाजूचं असेल तर स्वतः बदलायला बसू नका, मदत बोलवा.

निघाल्यावर पहिल्या दीड-दोन तासांत थांबाल तेव्हा चारही टायरवर हात ठेवून बघा. सगळे सारखेच गरम असतील तर ठीक, एकच टायर जास्त तापला असेल तर त्याची हवा उतरतेय, आणि टायर ठीक पण रिंगजवळ नुसता हात नेला तरी धग लागत असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय, तसंच पुढे न जाता जवळच्या इंटरचेंजला उतरून गॅरेज गाठा.