परदेशात भाड्याच्या घरात राहताय? हिशेबातल्या या चुका टाळा

स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं म्हणजे सहल स्वस्तात होणार, असं आपण बुकिंग करतानाच धरून चालतो. पैसे वाचतात हे खरं, पण दिवसभर फिरून आल्यावर तुमच्यापैकी किती जण ओट्यापाशी उभे राहतील, यावर ते अवलंबून असतं.

सुरुवात भाड्यापासून. वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत दिसतो तो एका रात्रीचा दर, आणि घरांची तुलना त्यावर करणं ही पहिली चूक. साफसफाईचं शुल्क सहसा दर मुक्कामाला एकदा घेतात. समजा, रात्रीचं भाडं 100 युरो आणि सफाईचे 120. तीन रात्री राहिलात तर ते घर रात्रीला 140 ला पडतं, दहा रात्री राहिलात तर 112 ला. दर तीन दिवसांनी शहर बदलणाऱ्यांना हे शुल्क प्रत्येक घरात नव्याने भरावं लागतं. त्यावर पर्यटक कर असतो. ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून तो भाड्याच्या 12.5 टक्के आहे. इतर काही शहरांत माणशी, दर रात्री ठरावीक रक्कम घेतात आणि ती कधीकधी पोहोचल्यावर वेगळी द्यावी लागते. मुलांना किती वयापर्यंत सूट आहे, ते आधीच विचारून ठेवा.

दुसरा फटका पहिल्या संध्याकाळी बसतो. तेल, मीठ, साखर, भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, टिश्यू, वॉशिंग मशीनची पावडर. बिल झालेलं असतं आणि रात्री जेवायला काय, हा प्रश्न तसाच! आमच्या एका सहलीत त्या दिवशीच्या किराण्यात पुढच्या तीन दिवसांचा खर्च संपला होता. त्यामुळे रोजच्या किराण्याचा आकडा ठरवताना पहिल्या दिवसासाठी वेगळी रक्कम बाजूला काढा. घरात आधीपासून काय काय आहे, हे घरमालकाला निघण्यापूर्वीच मेसेज करून विचारा. धारदार सुरी आणि मोठं पातेलं आहे का, हेही. नसलं की माणसं बाहेरच जेवतात.

सगळी जेवणं घरी होतील असं धरणं ही माझ्या मते सर्वांत महागडी चूक. नाश्ता घरी होतो, डबाही जमतो. रात्रीचं जेवण मात्र दिवसाआड हुकतं. तेव्हा निम्म्या रात्री बाहेर जेवायचं धरूनच बजेट करा. उरले तर उत्तम.

बॅगेत खाऊ भरून नेण्याआधी त्या देशाचे नियम बघा. युरोपीय संघात बाहेरच्या बहुतेक देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. दुकानांच्या वेळाही पाहून ठेवा. जर्मनीत रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद असतात. शनिवारी रात्री उशिरा पोहोचलात तर दुसरा दिवस हॉटेलांतच जातो.

कार्ड मशीन ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारतं, तेव्हा इथल्याच चलनात पैसे द्या. आपलं चलन निवडलं की विनिमय दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि तो सहसा महाग पडतो. घर किंवा गाडी घेताना कार्डावर डिपॉझिट अडकवतात. तो खर्च नाही, पण डेबिट कार्ड असेल तर तेवढे खरे पैसे काही दिवस वापरता येत नाहीत.

आणि सहलीच्या मध्यावरच पैसे संपत आले तर? आधी फ्रिज उघडा. निम्मा किराणा तिथेच पडलेला असतो. पुढचे दोन दिवस त्याच्यावर काढा आणि तोवर दूध-पावापलीकडे काही आणू नका. नंतर उरलेली रक्कम उरलेल्या दिवसांनी भागा आणि तो आकडा घरातल्या सगळ्यांना सांगा, मुलांनासुद्धा. आइस्क्रीम आज की उद्या, हे मग तीच ठरवतात, आणि बऱ्यापैकी काटकसरीने ठरवतात. पैसे भरून आरक्षित केलेली तिकिटं मात्र घाईने रद्द करू नका. परतावा मिळतो का, हे आधी बघा.

शेवटच्या दिवशी किल्ली देण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, ओव्हनचे आणि भिंतींचे फोटो काढा. डिपॉझिट परत येईपर्यंत ते फोनमधून पुसू नका.